खैरलांजी इंग्रजीतून जगापुढे कशी गेली?

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यात आंधळगाव पोलीस ठाण्याच्या हद्दीतील खैरलांजीत जमावाने भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या केली. २००८ मध्ये या हत्याकांडावर आनंद तेलतुंबडे यांचे ‘खैरलांजी : अ स्ट्रेंज अँड बिटर क्रॉप’ हे इंग्रजी पुस्तक आले.

नाव कुठून आले?
अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवरील गाण्यातून. बिली हॉलिडे यांनी ते १९३९ मध्ये गायले होते. २०१० मध्ये लंडनहून ‘द पर्सिस्टन्स ऑफ कास्ट’ निघाले आणि हा विषय परदेशी वाचकांपर्यंत गेला.

पुस्तक काय सांगते?
जात हा केवळ जुन्या काळाचा अवशेष नाही. स्वातंत्र्यानंतर गावातील जमीन आणि सत्ता मधल्या शेतकरी जातींकडे आली. इंग्रज गेले, उतरंड राहिली. स्वतःची शेती कसणारे, मुलांना शिकवणारे दलित कुटुंब डोळ्यांत सलू लागले.

न्यायालयात काय झाले?
२००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची जन्मठेप दिली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली मात्र कुणीही दोषी ठरले नाही. निकालातून निसटलेली जात पुस्तकात नोंदली गेली.