कोंबडीला घाम येत नाही

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे पालेभाजीच्या गाड्या येतात. ओल्या बारदानाखालची कोथिंबीर टवटवीत असते. तीच गाडी दुपारी उन्हात अडकली, तर पाणी उडून जाते, जुड्या माना टाकतात आणि वजनात घट येते. म्हणून भाजी रात्रीच्या गारव्यात आणतात. शहरात येणारा आणखी एक माल मात्र जिवंत असतो, तो म्हणजे जाळीच्या क्रेटमधून येणाऱ्या कोंबड्या. प्रवासात त्यांच्या शरीरात काय घडते?

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. घोड्याला किंवा माणसाला उकडले की घाम येतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. ती चोच उघडून धापा टाकते. तोंड व श्वसनमार्गातील पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. पण धापेबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, पाणीही घटते.

शिवाय प्रत्येक कोंबडी स्वतः सुमारे १० वॅट उष्णता बाहेर टाकते. टेम्पोत ५०० कोंबड्या असतील, तर ५००० वॅट झाले. म्हणजे १००० वॅटच्या पाच विजेच्या शेगड्या! गाडी धावत असताना वारा ही उष्णता वाहून नेतो. गाडी थांबली की मधल्या क्रेटमधली हवा कोंडते, दमट होते. दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. मग धापा टाकूनही उपयोग होत नाही आणि कोंबड्या दगावू लागतात.

हे वर्गात दाखवता येईल. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून ती पंख्यासमोर धरा. नंतर तळाशी थोडे पाणी असलेल्या बंद बरणीत ठेवा. दोन्ही वेळा पारा किती उतरतो, ते विद्यार्थ्यांना नोंदवू द्या.

‘शेवटी कापायचीच आहे, मग एवढा विचार कशाला?’ हा प्रश्न वर्गात हमखास येईल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अन्नासाठी प्राणी मारण्यास बंदी घातलेली नाही. पण अनावश्यक वेदना देणे हा गुन्हा ठरवला आहे. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत २००१ मध्ये कोंबड्यांचा समावेश झाला. तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असताना त्यांची वाहतूक करू नये, असे हे नियम सांगतात. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमावलीत, कत्तलखान्याकडे नेल्या जाणाऱ्या घोड्यांनाही दर आठ तासांनी पाणी देणे बंधनकारक आहे.

पुण्यात डिसेंबरातही दुपारचा पारा बहुधा २५ अंशांच्या वर असतो. म्हणजे नियम पाळायचा तर प्रवास रात्री किंवा पहाटेच हवा. क्रेटमध्ये पक्षी कमी भरणे, क्रेटच्या रांगांत वाऱ्याला वाट ठेवणे आणि भरलेली गाडी उन्हात उभी न करणे, या गोष्टींना मोठा खर्चही येत नाही. कोथिंबिरीसाठी आपण जी काळजी घेतो, निदान तेवढी तरी कोंबडीच्या वाट्याला यायला हवी.