पाठीवरची स्पोर्ट्स कार

रस्ता आणि यंत्र : लेखांक 11

मागच्या आठवड्यात आपण टोचन पाहिलं. दोर लावून किंवा लोखंडी दांडा लावून बंद गाडी दुसऱ्या गाडीमागे कशी न्यायची, आणि तसं नेताना काय काय बिघडू शकतं. आज गाडी ओढायची नाही, पाठीवर घ्यायची आहे. त्यासाठी मुद्दाम सगळ्यांत नखरेल गाडी निवडली आहे : जमिनीपासून जेमतेम 12 सेंटिमीटर उंच असलेली स्पोर्ट्स कार.

शिर्डीत स्पोर्ट्स कार कुठून येणार, असं दहा वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर ते रास्त होतं. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे आठवले तरी अशा गाडीच्या मालकाला घाम फुटावा. पण 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा उघडला आणि 5 जून 2025 ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू होऊन 701 किलोमीटरचा सलग रस्ता झाला. कोकमठाणजवळ उतरलं की साईमंदिर हाकेच्या अंतरावर. शिवाय महागड्या गाड्या घेणारे फक्त मुंबईत राहतात असंही नाही. 2010 मध्ये शेजारच्या औरंगाबादकरांनी एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. तेव्हा अशी गाडी या पट्ट्यात बंद पडणं आता नवलाचं राहिलेलं नाही.

बंद पडली की पहिला फोन क्रेनवाल्याला जातो. नेहमीची क्रेन पुढची चाकं उचलते आणि मागची रस्त्यावर फिरत ठेवते. स्पोर्ट्स कारला हे चालत नाही. पुष्कळ गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, काहींत चारही चाकांना. गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नसताना ती चाकं फिरत राहिली तर बिघाड दुरुस्तीच्या पलीकडे जातो. म्हणून सपाट, तिरका होणारा बेड असलेला ट्रक मागवायचा. आपल्याकडे त्याला फ्लॅटबेड म्हणतात.

बेड तिरका झाला की पहिला प्रश्न उताराचा. 6 मीटर लांबीचा बेड 1 मीटर उंचीवरून जमिनीला टेकला तर उतार सुमारे साडेनऊ अंशांचा होतो. गाडीचं नाक पुढच्या चाकाच्या पुढे 90 सेंटिमीटर आलेलं आणि जमिनीपासून 12 सेंटिमीटर उंच असेल, तर तिला साडेसात-आठ अंशांपेक्षा जास्त चढ सोसत नाही. म्हणजे बंपर घासणार. उपाय साधा आहे : बेडच्या टोकाआधी दोन लांब फळ्या टाकून चढ दोन टप्प्यांत विभागायचा. ही दोन मिनिटांची तसदी टाळल्यामुळे फुटलेले बंपर गॅरेजवाल्यांना विचारा, ते मोजून सांगतील.

गाडी वर ओढायला विंच असतो. त्याचा हूक कुठे अडकवायचा? डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत एक जाड आट्यांची कडी असते. बंपरवरचं छोटं झाकण काढून ती आत फिरवायची. काही युरोपीय गाड्यांत ती उलट्या आट्यांची असते, त्यामुळे ‘बसतच नाही’ म्हणून अर्ध्यावर सोडून देणारे भेटतात. ती पूर्ण बसलीच पाहिजे. आणि ती फक्त सरळ ओढण्यासाठी आहे. गाडी वर आल्यावर त्याच कडीला तिरका पट्टा लावून ‘झालं बांधून’ म्हणणं चूक. बाजूने ताण आला की ती वाकते.

बॅटरी पार उतरली असेल तर आणखी एक पंचाईत. अशा गाड्यांचा हँडब्रेक आणि गिअर विजेवर चालतात. वीज नसेल तर गाडी न्यूट्रलला जात नाही आणि चाकं जाम राहतात. मग चाकांखाली प्लॅस्टिकचे गुळगुळीत स्केट सरकवून गाडी घसरत वर घ्यायची. घाईने तशीच ओढली तर टायर आणि गिअरबॉक्स दोन्हींची वाट लागते.

आता मुख्य काम, बांधणं. ट्रकवरची गाडी कुठे कुठे जाऊ पाहते याचा हिशेब युरोप-अमेरिकेतल्या नियमांत मांडलेला आहे. कडक ब्रेक लागला तर पुढच्या दिशेने वजनाच्या 0.8 पट जोर, आणि बाजूला व मागे 0.5 पट. दीड टनाच्या गाडीसाठी हे आकडे 1200 आणि 750 किलो होतात. नुसत्या हँडब्रेकवर विसंबणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तो सहसा मागच्याच चाकांना लागतो, आणि पावसात ओल्या लोखंडी पत्र्यावर रबराची पकड बरीच कमी होते.

लोक पट्टा चासीला किंवा खालच्या एखाद्या दांड्याला अडकवतात आणि रॅचेट कचाकच आवळतात. गाडी स्प्रिंगवर खाली बसते, पट्टा तारेसारखा ताठ होतो, सगळे खूश. मग ट्रक एका खड्ड्यात आदळतो. स्प्रिंग आणखी दबते, पट्टा क्षणभर ढिला पडतो, हूक निसटतो. निसटला नाही तरी प्रत्येक हादऱ्याला तो झटके खात राहतो. शिवाय ज्या दांड्याला अडकवलं तो सस्पेन्शनचा नाजूक अॅल्युमिनियमचा हात असू शकतो, किंवा शेजारून ब्रेकची नळी गेलेली असते.

चाक मात्र स्प्रिंगच्या खाली असतं, ते बेडवर टेकलेलंच राहतं. म्हणून पट्टा टायरवरून घ्यायचा : बेडवर चाकाच्या पुढे असलेल्या कडीपासून टायरवर चढवून मागच्या कडीपर्यंत, टायरवर सरकू नये म्हणून रबरी ठोकळे लावलेला. चारही चाकांना असे चार. वर गाडी हवी तेवढी डुलू दे. अमेरिकी नियमांत एवढ्या गाडीला किमान दोन बंध, पुढे आणि मागे, पुरतात. माझं मत विचाराल तर चारपेक्षा कमी लावणाऱ्याच्या ट्रकवर गाडी चढवू नये. गाडीच्या किमतीपुढे चार पट्ट्यांची किंमत ती काय!

चासीलाच बांधणं भाग पडलं, तर मागचे दोन पट्टे एकमेकांना छेद देत फुलीसारखे लावावेत, म्हणजे गाडी बाजूला सरकत नाही. पट्टा जितका उभा तितका पुढेमागे धरून ठेवायला निकामी : 45 अंशांत त्याच्या ताकदीचा सुमारे 70 टक्के भाग कामी येतो, 60 अंशांत निम्माच.

पट्टा पॉलिस्टरचाच हवा, नायलॉन ताणलं जातं. युरोपीय पद्धतीत पॉलिस्टरच्या पट्ट्यावर निळी चिठ्ठी असते, नायलॉनच्या पट्ट्यावर हिरवी. 50 मिलिमीटर रुंदीचा चांगला पट्टा साडेचार टनांच्या आसपास तुटतो, पण कामाचा भार त्याच्या एक तृतीयांशच धरायचा. उन्हाने पांढुरका पडलेला किंवा कडेला कातरलेला पट्टा सरळ कापून टाकावा. तो जपून ठेवला की कुणीतरी पुन्हा वापरतोच.

या जिल्ह्याला ट्रेलरवरची जड वाहनं नवी नाहीत. अहिल्यानगरला लष्कराचं आर्मर्ड कोर सेंटर आहे आणि टी-72 रणगाडा 41 टनांचा. पण रणगाड्याला पुढे-मागे मुठीएवढे हूक असतात आणि साखळी घासली म्हणून कुणी रडत नाही. दीड टनाच्या गाडीला धरायला जागाच नसते, ही खरी अडचण.

ट्रकऐवजी मागे जोडायचा ट्रेलर असेल, तसे रेसिंगवाले वापरतात, तर वजन कुठे पडतं तेही पाहावं लागतं. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की ती उलाळते आणि जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तेच होतं, फक्त 80 च्या वेगाला. जोडावर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हवा, नाहीतर ट्रेलर शेपटीसारखा वळवळू लागतो. पोर्शे 911 चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे असतं आणि सुमारे 60 टक्के वजन मागच्या चाकांवर. ती नाक पुढे करून चढवली तर बरीच पुढे घ्यावी लागते. जागा नसेल तर उलटी चढवतात.

निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण पहिल्या हादऱ्यांत टायर बसतात आणि ताण उतरतो. अमेरिकी नियम पहिल्या 80 किलोमीटरच्या आत तपासणी सक्तीची करतो. शिर्डीहून मुंबईकडे निघालात तर भरवीरपर्यंतचं अंतर बरोबर तेवढंच, पण तिथपर्यंत वाट पाहू नका. उतरवताना आधी विंचची तार ताणून घ्या, चाकामागे पाचर लावा, मगच पट्टे सोडा.

पुढच्या आठवड्यात : उसाच्या दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे, आणि त्यांना ब्रेक नसतो तेव्हा.