सव्वा, दीड की पावणेदोन?

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावरही पाऊस मोजण्याचा परिपाठ ज्यांना सोडवला नाही, अशा माझ्या वडिलांनी वाईच्या घराच्या परसात एक पर्जन्यमापक बसवून घेतला होता. आणि २००३ च्या मृगापासून पुढे सात वर्षे, रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजून, त्या दिवसाचे तापमान व पाऊस यांची नोंद ते तळहातावर मावणाऱ्या एका यंत्रात, त्याच्या काचेवर प्लॅस्टिकच्या लेखणीने एकेक अक्षर गिरवून, इंग्रजीत करीत असत. मिलिमीटरचा अंमल सुरू होऊन दशके लोटली होती, तरी ते अखेरपर्यंत इंचांतच मोजत राहिले: सव्वा, दीड, पावणेदोन.

हे दप्तर नव्या फोनमध्ये आणावे असे मनात आले, तेव्हा ते शिल्लक होते हेच मोठे भाग्य. त्या काळच्या अशा अनेक यंत्रांची स्मृती विजेवर जगणारी होती; बॅटरी पुरती उतरली की आतले सारे टिपण पुसले जाई. वडिलांनी एकदा बजावून ठेवले होते, एवढ्यावर आईने त्यांच्या पश्चात इतकी वर्षे ते यंत्र चार्जिंगच्या स्टँडवरून खाली उतरू दिले नाही.

अवरक्त किरणांनी मजकूर पाठवण्याची त्याची खिडकी शाबूत होती, पण माझ्या फोनला ते किरण टिपणारा डोळाच नाही. संगणकाला जोडणारी तार होती, पण तिला लागणारा प्रोग्राम आजच्या संगणकावर चालेना. उरले मेमरी कार्ड. २००६ नंतर आलेली ४ जीबी व त्यावरची कार्डे त्या यंत्राला ओळखता येत नाहीत, मात्र २ जीबीपर्यंतचे जुने कार्ड नवा कार्ड रीडर बिनतक्रार वाचतो. एका छायाचित्रकार स्नेह्याच्या खणातून १२८ एमबीचे एक कार्ड मिळाले आणि महिन्याला एक याप्रमाणे ८४ फाइली त्यावर उतरल्या.

फोनवर पहिली फाइल उघडली. तारखा दिसल्या, आकडे दिसले, वाऱ्याची व ढगांची इंग्रजी वर्णने दिसली. परंतु प्रत्येक तापमानापुढे आणि जवळजवळ प्रत्येक पावसापुढे, पत्त्यांतल्या चौकटसारख्या काळ्या आकृतीत, एक पांढरे प्रश्नचिन्ह उभे होते.

संगणक अक्षर साठवीत नाही. तो ० ते २५५ यांपैकी एखादा अंक, म्हणजे बाइट, साठवतो, आणि कोणत्या अंकाला कोणते अक्षर म्हणावे हा करार निराळा असून साध्या मजकूर-फाइलीत तो बहुधा कोठेच नमूद नसतो. १२७ पर्यंतच्या अंकांबाबत, म्हणजे इंग्रजी अक्षरे, आकडे व नेहमीची विरामचिन्हे यांबाबत, जुना व नवा करार एकच असल्यामुळे तारखा सुखरूप पोचल्या. तेथून पुढे वाटा फुटतात. वडिलांच्या यंत्रातल्या विंडोज-१२५२ धर्तीच्या करारात १७६ म्हणजे अंशाचे चिन्ह, १८८ म्हणजे पाव, १८९ म्हणजे अर्धा आणि १९० म्हणजे पाऊण. फोन मात्र केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये सिद्ध केलेली यूटीएफ-८ पद्धत गृहीत धरतो, आणि तिच्यात १२८ ते १९१ हे अंक केवळ अनुचर असतात. पुढे नायक-बाइट चालत असल्यावाचून त्यांना अर्थ नाही. नायकाविना आलेला १८९ पाहून फोनने त्यावर ‘अवाच्य’ असा शेरा मारला, इतकेच. पेशवे दप्तरातला मोडी कागद केवळ बाळबोध जाणणाऱ्यापुढे ठेवावा तशी ही स्थिती: कागद धड, शाई ठळक, पण वाचणाऱ्याने लिपीच चुकीची धरलेली. ज्या अ‍ॅपमध्ये ‘एन्कोडिंग’ निवडण्याची सोय आहे त्यात १२५२ निवडताच अंश, पाव, अर्धा, पाऊण सारे आपापल्या जागी उमटले.

मराठी लिहिणाऱ्याला याच्या उलट प्रकारही भेटतो. यूटीएफ-८ मधला ‘क’ २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांचा असतो. १२५२ च्या कराराने तो वाचला की डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, चार किरण फुटलेले वर्तुळ आणि एक काळा ठिपका अशी पंगत मांडली जाते. देवनागरीतले प्रत्येक अक्षर व प्रत्येक मात्रा २२४ नेच सुरू होत असल्यामुळे तो रेघेचा ‘ए’ शब्दात दर तिसऱ्या जागी परत येतो, आणि तेवढ्यावरून निदान होते. जुन्या मराठी फाँटांत टंकलेला मजकूर हा मात्र वेगळाच विकार आहे: तेथे साठवलेले अंक रोमन अक्षरांचे, देवनागरी रूप केवळ फाँटाने चढवलेले, शिवाय पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराआधी साठवलेली, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. म्हणून ‘किती’सारख्या साध्या शब्दाचे रूपांतर करतानाही अंकांबरोबर क्रम बदलावा लागतो.

मूळ फाइलीची प्रत वेगळी ठेवल्याशिवाय तिला हात लावू नये, हे मला उशिरा कळले. करार बदलून पाहण्यापूर्वी मी २००५ च्या जुलैची फाइल कार्डावरच उघडली, तळाशी एक ओळ लिहिली आणि जतन केली. तोवर केवळ दाखवण्यापुरते असलेले ते प्रश्नचिन्ह त्या क्षणी मूळ अंकाच्या जागी खरोखरच लिहिले गेले, सर्वत्र २३९, १९१, १८९ असे तेच तीन बाइट. पाव, अर्धा व पाऊण यांतला भेद मावळला. फाइल पुन्हा उतरवून घ्यावी म्हणून यंत्राकडे वळलो, तो धांदलीत तीन दिवस स्टँडबाहेर राहिलेले ते यंत्र नव्यासारखे कोरे झाले होते.

तापमानापुढचे चिन्ह अंशाचेच असणार, म्हणून ती सर्व मी भरून काढली. पावसाच्या मात्र एकोणीस नोंदी तशाच उरल्या. २६ तारखेबद्दल आईला विचारले. तिला एवढेच आठवते की त्या सकाळी पर्जन्यमापकाचे भांडे दोनदा रिते करावे लागले होते. नव्या प्रतीत त्या तारखेपुढे तिचे वाक्य लिहून ठेवले आहे, आणि बाकीच्या अठरा जागा कोऱ्या सोडल्या आहेत.