दुखणे सांगू न शकणाऱ्यांच्या दारी

घाटकोपरच्या डोंगरउतारावरील एखाद्या वस्तीची कल्पना करावी. शंभर-दीडशे पायऱ्या चढून गेल्यावर एका खोलीचे घर लागते. घरात आईवडील, धाकटी बहीण आणि पंचविशीतला एक मुलगा. वयाने तो मोठा असला, तरी कपड्यांची बटणे लावण्यासाठी त्याला आईची मदत लागते. दोन-चार शब्दांपलीकडे त्याला बोलता येत नाही. गेले पंधरा दिवस तो जेवणाचे ताट लोटून देतो, स्वतःच्याच गालावर चापट्या मारून घेतो आणि रात्री ओरडत उठतो. “त्याचे अधूनमधून असे होतेच,” असे म्हणून घरच्यांनी ते सोडून दिले आहे. आरोग्य केंद्रातून आलेली परिचारिका त्याच्याजवळ बसते. थोड्या गप्पा आणि थोडे खेळणे झाल्यावर ती बॅटरीच्या उजेडात त्याचे तोंड पाहते. खालच्या बाजूची एक दाढ पार किडलेली असते आणि हिरडी सुजलेली असते.

हे उदाहरण कोणा एका घराचे नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या आरोग्याचा प्रश्न नेमका कोठे अडतो, हे मात्र त्यातून ध्यानी येते. आपल्याला काय होते आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याचे दुखणे त्याच्या वागण्यातून बाहेर पडते. आणि ते वागणे त्याच्या मतिमंदत्वाच्या खात्यावर मांडले गेले की, दुखणे तसेच राहून जाते. वागणुकीतला बदल ही आजाराची पहिली खूण असू शकते, हे जाणणारे माणूस घरापर्यंत पोहोचणे म्हणूनच महत्त्वाचे असते. हे माणूस बहुधा परिचारिकाच असते.

अक्षमता म्हणजे आजार नव्हे

ज्याला पूर्वी मतिमंदत्व म्हटले जाई, त्याला आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. बुद्धीची वाढ आणि रोजच्या व्यवहारातील कौशल्ये ही दोन्ही वयाच्या मानाने बरीच मागे असणे आणि ही स्थिती बालपणापासूनची असणे, हे तिचे लक्षण होय. गुणसूत्रांतील दोष, गरोदरपणी आईला झालेला रूबेला, जन्मतः थायरॉईड ग्रंथीच्या स्रावाची कमतरता, प्रसूतीच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, नवजात बाळाची तीव्र कावीळ आणि मेंदूज्वर ही तिची काही परिचित कारणे आहेत. त्यांपैकी काही टाळता येण्याजोगी आहेत. गोवर-रूबेला प्रतिबंधक लसीची मोहीम महाराष्ट्रात २०१८ साली राबविण्यात आली, ती याही दृष्टीने मोलाची होती.

या अक्षमतेची गल्लत दोन गोष्टींशी होते. पहिली म्हणजे मानसिक आजार. मानसिक आजार कोणत्याही वयात उद्भवू शकतो आणि त्यावर औषधोपचार असतात. बौद्धिक अक्षमता औषधाने जात नाही. शिक्षण, सराव आणि आधार यांनी तिचा भार हलका होतो. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्यानेही मतिमंदत्वाला मानसिक आजाराच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. दुसरी गल्लत अध्ययन अक्षमतेशी होते. बुद्धी चांगली असूनही ज्या मुलाला वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही, त्याची अडचण वेगळी असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद असून, त्यात या दोन्हींचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला आहे.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद मतिमंद म्हणून झाली होती. त्याच जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांत पसरलेल्या या जिल्ह्यात उंच इमारती, चाळी, कोळीवाडे, डोंगरउतारावरील वस्त्या आणि बोरिवलीच्या जंगलातील आदिवासी पाडे असे सर्व काही आहे. यांपैकी कोणत्याही वस्तीत अशी व्यक्ती असलेले घर आढळू शकते.

शाळेनंतर काय?

या क्षेत्रात मुंबईचे कार्य जुने आहे. चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ साली मानखुर्द येथे मतिमंद मुलांसाठी निवासी संस्था सुरू केली. १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केलेली शाळा पुढे शिवडीची जय वकील शाळा म्हणून नावारूपास आली. केंद्र शासनाने १९८४ साली सिकंदराबाद येथे स्थापन केलेल्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आज नवी मुंबईतील खारघर येथे आहे. महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण करण्यात आला.

मुलांच्या आरोग्य तपासणीची व्यवस्थाही आहे. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब यांचा शोध घेतला जातो. सहा महिन्यांचे बाळ मान धरत नाही, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही, हे अंगणवाडीत वा घरी वेळेवर ध्यानात आले, तर पुढील उपचार आणि शिक्षण लवकर सुरू होऊ शकते.

अठरावे वर्ष उलटले की मात्र हा धागा तुटतो. शाळा संपते, शाळेतली तपासणी थांबते. एखाद्याला संरक्षित कार्यशाळेत जागा मिळते. पुष्कळ जण घरी बसतात. लहानपणी ज्याला उचलून रुग्णालयात नेता येत होते, तो आता सत्तर किलोंचा झालेला असतो आणि त्याची आई साठीला आलेली असते. लोकलच्या गर्दीत आणि बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तो बिथरतो, म्हणून जाणेच टाळले जाते. अशा वेळी सेवा घरापर्यंत येणे हाच मार्ग उरतो.

परिचारिकेची भूमिका

ब्रिटनमध्ये अशा व्यक्तींची परिचर्या ही परिचर्याशास्त्राच्या चार शाखांपैकी एक मानली जाते. तेथे या शाखेच्या परिचारिका घरोघरी जातात. इंग्लंडमध्ये अशा १४ वर्षांवरील व्यक्तींना वर्षातून एकदा संपूर्ण आरोग्य तपासणी देऊ केली जाते. आपल्याकडे अशी स्वतंत्र शाखा नाही. सामूहिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य या विषयांचे शिक्षण प्रत्येक परिचारिकेला मिळते आणि त्या बळावर हे काम पुढे न्यावे लागते. मुंबईत महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रांतील परिचारिका, साहाय्यकारी परिचारिका, आरोग्य सेविका व आशा सेविका आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यामध्ये ते विभागलेले आहे. गल्लीतले घर सेविकेला ठाऊक असते. त्या घरातील दुखणे ओळखण्याचे ज्ञान परिचारिकेजवळ असते. या दोघींची सांगड बसली, तर काम सुकर होते.

अशा भेटीत परिचारिकेने सर्वप्रथम जाणून घ्यावयाची गोष्ट म्हणजे त्या व्यक्तीची नित्याची रीत. ती किती वाजता उठते, काय आवडीने खाते, आनंद कसा दाखविते, रागावली तर काय करते, हे सारे आईला तोंडपाठ असते. ते एका वहीत उतरवून घेतले की, पुढे त्यात झालेला फरक चटकन कळतो. जेवण टाकणे, कान ओढणे, पोट दाबून बसणे, झोप मोडणे, एकाएकी गप्प होणे किंवा मारणे यांमागे दात, कान, घसा, पोट अथवा लघवीचा विकार नाही ना, हे आधी पाहावयाचे असते. बद्धकोष्ठतेसारखी साधी तक्रारही दिवसेंदिवस लक्षात येत नाही आणि कधीकधी ती गंभीर वळण घेते.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी सुमारे एक-पंचमांश व्यक्तींना अपस्माराचा त्रास असतो. गोळ्यांचा एखादा दिवसही चुकू नये, म्हणून वारांनुसार कप्पे असलेली डबी वापरणे, महापालिकेच्या दवाखान्यातून औषध संपण्यापूर्वीच आणून ठेवणे, फिट कधी आली आणि किती वेळ टिकली याची नोंद ठेवणे, हे घरच्यांना शिकवावे लागते. फिट आली असता रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि फिट पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. फेनिटॉइन या औषधाने हिरड्या सुजू शकतात, तेव्हा दातांच्या स्वच्छतेकडे अधिक लक्ष द्यावे लागते. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये थायरॉईडचे विकार व ऐकण्यातील दोष वारंवार आढळतात. अशी व्यक्ती मंद आणि सुस्त झाली, तर तो तिचा स्वभाव समजू नये. रक्ताची तपासणी करून घ्यावी.

रुग्णालयात जाणे अटळ असेल, तेव्हा पूर्वतयारी उपयोगी पडते. राजावाडी, कूपर वा मुलुंडचे अगरवाल रुग्णालय, कोठेही जावयाचे असले तरी जुने केसपेपर एका पिशवीत एकत्र ठेवावेत. व्यक्तीला काय समजते, कशाची भीती वाटते, दुखले तर ती काय करते, याची एक पानी टिपण सोबत न्यावी. सुईची भीती असेल, तर घरी दोन-तीन दिवस आधीपासून दंडाला पट्टा बांधण्याचा खेळ खेळावा. २०१६ च्या कायद्याने अशा व्यक्तींना उपचारांत प्राधान्य मिळावयास हवे, असे सांगितले आहे. रांगेत उभे राहण्यापूर्वी ही गोष्ट विनयाने पण स्पष्टपणे सांगण्यास कुटुंबाने संकोच करू नये.

मुलींचा प्रश्न

मुलगी वयात आली की, घरातील चिंता वाढते. वस्तीत सार्वजनिक शौचालय दूर असते, पाण्याची वेळ ठरलेली असते आणि एका खोलीत आडोसा नसतो. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील मतिमंद मुलींच्या वसतिगृहातील काही मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे त्यासाठी देण्यात आलेले कारण होते. त्याविरुद्ध तीव्र लोकक्षोभ उसळला आणि त्या शस्त्रक्रिया थांबल्या. या प्रसंगाने एक प्रश्न समाजापुढे ठेवला : जे शिकविता येते, ते शिकविण्याचे श्रम टाळण्यासाठी शरीराचा अवयव काढावयाचा काय?

याचे उत्तर कायद्याने दिले आहे. दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीविना तिला वंध्यत्व येईल असा कोणताही वैद्यकीय उपचार करता येत नाही, असे २०१६ च्या कायद्यात नमूद आहे. प्रत्यक्षातले उत्तर शिकवण्यात आहे. पाळी येण्यापूर्वीच बाहुलीवर दाखवून, चित्रांच्या क्रमाने आणि दर महिन्याला त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने सराव करून पुष्कळ मुली पॅड बदलण्यास शिकतात. याच वेळी आपल्या अंगाला कोणी हात लावावा आणि कोणी लावू नये, नको असेल तर ‘नाही’ कसे म्हणावे, हेही त्यांना शिकवावे लागते. आपल्याशी काय घडले हे सांगता न येणाऱ्या मुलीला अत्याचाराचा धोका अधिक असतो, म्हणून हा पाठ टाळता येण्याजोगा नाही.

आमच्यामागे कोण?

घरभेटीच्या अखेरीस बहुतेक आईवडील एकच प्रश्न विचारतात : “सिस्टर, आमच्यामागे याचे कसे होणार?” या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही, तरी काही पावले आजच टाकता येतात. शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र काढून घेणे हे पहिले पाऊल होय. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील निरामय योजनेत नोंदणी केल्यास वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. पात्र कुटुंबांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार असतो.

मूल १८ वर्षांचे झाल्यावर आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. त्यानंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हा पातळीवरील समितीकडे अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात आणि उपनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे येथे आहे. परिचारिकेने ही माहिती सोप्या शब्दांत सांगितली आणि पहिला अर्ज भरण्यास हात दिला, तर वर्षानुवर्षे रखडलेले काम मार्गी लागते.

शेजाऱ्यांचा आणि भावंडांचा वाटाही लहान नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ कोणी त्या व्यक्तीजवळ बसले, तर आईला स्वतःच्या रक्तदाबाच्या तपासणीसाठी जाता येते. जिच्यावर सारे घर उभे आहे, तिची प्रकृती तपासणे हाही परिचारिकेच्या भेटीचा भाग समजला पाहिजे.

या कामाला महागडी यंत्रे लागत नाहीत. एक वही, एक बॅटरी, थोडा धीर आणि पुन्हा येण्याचे वचन पुरेसे असते. आरोग्य केंद्रांतील परिचारिकांना आणि सेविकांना या विषयाचे पद्धतशीर प्रशिक्षण मिळाले आणि प्रत्येक वस्तीतील अशा व्यक्तींची यादी त्यांच्या नित्याच्या नोंदवहीत आली, तर अठराव्या वर्षी तुटणारा धागा पुढे नेता येईल. डोंगरावरच्या घरातील तो मुलगा दाढ काढल्यानंतर दोन दिवसांनी ताट पुढे ओढून जेवू लागतो. त्याला बरे वाटू लागले आहे, हेही तो शब्दांवाचूनच सांगत असतो.