विश्लेषण : मापाने बनवून घेतलेले खोगीर घोड्याला बसलेच नाही, तर पैसे परत मिळतात का?

घोड्याच्या पाठीचे माप दिले, आगाऊ रक्कम भरली, दोन-तीन महिने वाट पाहिली आणि हाती आलेले खोगीर घोड्याच्या पाठीवर नीट बसतच नाही. विक्रेता म्हणतो, ‘माल ऑर्डरप्रमाणे बनवला आहे, परत घेता येणार नाही.’ हौशी घोडेस्वारांपासून पर्यटनस्थळी घोडा चालवून पोट भरणाऱ्यांपर्यंत अनेकांना या उत्तराला तोंड द्यावे लागते. मापाने बनवलेल्या वस्तूला परतावा नाही, हा समज कितपत खरा आहे? भारतातील ग्राहक कायदा काय सांगतो? तक्रार करण्याआधी कोणते पुरावे जपावेत?

खोगीर ‘बसत नाही’ म्हणजे नेमके काय?

खोगिराच्या आत लाकडाचा, कृत्रिम द्रव्याचा किंवा धातूची जोड असलेला एक सांगाडा असतो. त्याला ‘ट्री’ म्हणतात. स्वाराचे वजन पाठीवर सारखे पसरवणे हे त्याचे काम. मानेच्या बुडाशी घोड्याच्या खांद्यावर जो उंचवटा असतो, त्याच्या रुंदीशी आणि उताराशी हा सांगाडा जुळावा लागतो. तो अरुंद असला तर खांद्यांना चिमटा बसतो. फार रुंद असला तर खोगीर पुढे झुकून थेट उंचवट्यावर टेकते.

सांगाड्याच्या खाली लोकर किंवा फोम भरलेल्या दोन गाद्या असतात. त्या मणक्याच्या दोन्ही बाजूंनी पाठीला सलग टेकल्या पाहिजेत. केवळ पुढे आणि मागे टेकून मध्ये पोकळी राहिली, तर सगळा भार चार ठिकाणी येतो. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये, हाही नियम आहे. कारण त्यापुढच्या कमरेच्या भागाला बरगड्यांचा आधार नसतो.

चुकीच्या खोगिराचा परिणाम आधी वागण्यात दिसतो. तंग आवळताना घोडा कान मागे टाकतो, चावायला येतो, पाठ खाली दाबतो, चालताना पाऊल आखडते. पुढे केस झडतात, सूज येते, जखमा होतात. सततच्या दाबाने केसांच्या मुळांना इजा झाली की तिथे पांढरे केस उगवतात आणि बहुधा ते कायमचे राहतात.

प्रत्येक दोष परताव्याला पात्र असतो का?

नाही. वादाचा निकाल बऱ्याचदा याच प्रश्नावर लागतो. नवीन खोगिरातील लोकर वापराने दबते, त्यामुळे सुरुवातीच्या काही महिन्यांत भरणी कमी-जास्त करावी लागणे स्वाभाविक आहे. तंगाच्या पट्ट्यांची जागा बदलणे, एका बाजूची गादी थोडी भरून घेणे हीसुद्धा दुरुस्तीची कामे आहेत. अशा वेळी विक्रेत्याने दुरुस्तीची संधी मागितली, तर ती वाजवी मागणी ठरते.

मात्र सांगाड्याचा आकारच चुकला असेल किंवा खोगीर पाठीपेक्षा लांब असेल, तर आत लोकर कोंबून काही साधत नाही. ती शब्दशः खोगीरभरती ठरते. अरुंद सांगाड्याखाली जाड गादी घालणे म्हणजे घट्ट बुटात आणखी एक मोजा घालण्यासारखे आहे. त्यामुळे तक्रारीत केवळ ‘खोगीर बसत नाही’ असे न लिहिता दोष दुरुस्त होण्याजोगा आहे की रचनेतच आहे, हे नोंदवणे महत्त्वाचे.

चूक कोणाची, हे कसे ठरते?

साधारण चार शक्यता असतात. पहिली, विक्रेत्याने किंवा त्याच्या माणसाने माप घेतले आणि ते चुकले. दुसरी, माप बरोबर होते, पण खोगीर त्याप्रमाणे बनले नाही. या दोन्हींत ग्राहकाची बाजू भक्कम असते. तिसरी, माप ग्राहकाने स्वतः घेऊन पाठवले आणि खोगीर त्या मापाबरहुकूम आले. इथे ग्राहकाची बाजू कमकुवत होते. तरीही विक्रेत्याने माप कसे घ्यावे याच्या अपुऱ्या सूचना दिल्या असतील किंवा फोटो पाहून ‘हे माप चालेल’ असे कळवले असेल, तर जबाबदारी पूर्णपणे ग्राहकावर ढकलता येत नाही.

चौथी शक्यता घोड्याची. घोड्याची पाठ ऋतूप्रमाणे, खुराकाप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलते. पावसाळ्यात बसून राहिलेला घोडा आणि हंगामात रोज चालणारा घोडा यांची पाठ सारखी नसते. माप आणि खोगीर मिळणे यांत तीन-चार महिने गेले असतील, तर विक्रेता हाच मुद्दा पुढे करतो. त्यावर उपाय एकच : माप घेतल्याच्या दिवशीचे आणि खोगीर आल्याच्या दिवशीचे घोड्याचे फोटो.

‘ऑर्डरचा माल परत घेतला जात नाही’ ही अट कायदेशीर आहे का?

दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ‘रंग आवडला नाही’ किंवा ‘आता नको’ अशा कारणासाठी वस्तू परत करण्याचा सरसकट हक्क भारतीय कायद्यात नाही. तिथे विक्रेत्याचे परताव्याचे धोरण लागू होते. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीवर विनाकारण माघार घेण्यासाठी १४ दिवस मिळतात; पण २०११च्या निर्देशानुसार ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. ‘कस्टम मालाला परतावा नाही’ हा समज बहुधा अशाच नियमांच्या अर्धवट वाचनातून पसरला असावा. कारण तिथेही सदोष वस्तूबाबतचे हक्क कायम राहतात.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४७) नुसार सदोष माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करणे अपेक्षित आहे. मापाने बनवलेल्या वस्तूंना यात वेगळी सूट दिलेली नाही.

वस्तू विक्री कायदा, १९३० यातील कलम १६ सुद्धा उपयोगी पडते. खरेदीदाराने वस्तू कशासाठी हवी हे सांगितले असेल आणि तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल, तर वस्तू त्या कामासाठी योग्य असणे ही करारातील गर्भित अट मानली जाते. अमुक घोड्यासाठी, अमुक मापाचे खोगीर मागवले की हेतू आपोआप स्पष्ट होतो. खरेदी ऑनलाइन असेल, तर ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार माल सदोष असल्यास किंवा ठरल्याप्रमाणे नसल्यास विक्रेत्याला तो परत घेणे नाकारता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात ती निकाली काढणेही बंधनकारक आहे.

घोडेवाला ‘ग्राहक’ ठरतो का?

माथेरानसारख्या मोटारबंदीच्या ठिकाणी किंवा महाबळेश्वर, पाचगणीत घोडा हेच अनेक कुटुंबांच्या कमाईचे साधन आहे. ग्राहक कायद्यात ‘व्यापारी प्रयोजनासाठी’ केलेली खरेदी वगळली आहे. त्यामुळे ‘तुम्ही धंद्यासाठी खोगीर घेतले, तुम्ही ग्राहक नाही’ असा बचाव विक्रेता करू शकतो. पण कायद्यातील स्पष्टीकरणानुसार स्वयंरोजगारातून केवळ आपल्या उदरनिर्वाहासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी प्रयोजनात मोडत नाही. ‘लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स’ प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद उलगडून दाखवला होता. खरेदी व्यापारी प्रयोजनासाठी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्याची किंवा सेवा देणाऱ्याची आहे, असेही न्यायालयाने २०२४ मध्ये ‘श्रीराम चिट्स’ प्रकरणात स्पष्ट केले.

म्हणजे स्वतःचा घोडा स्वतः चालवणारा घोडेवाला ग्राहक आयोगात जाऊ शकतो. पगारी माणसे ठेवून वीस घोड्यांचे रायडिंग स्कूल चालवणाऱ्या संस्थेला मात्र हे सोपे नाही. तिला दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागण्याची शक्यता अधिक.

खोगीर मिळाल्यावर पहिल्या काही दिवसांत काय करावे?

विलंब इथे सर्वांत घातक ठरतो. वस्तू विक्री कायद्याच्या कलम ४२ नुसार माल मिळाल्यावर वाजवी काळ उलटूनही नकार कळवला नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते. स्वीकारल्यानंतर सहसा नुकसानभरपाईच मागता येते, माल नाकारता येत नाही. त्यामुळे पुढील क्रम पाळणे हिताचे :

– पार्सल उघडतानाचा सलग व्हिडीओ काढावा. शिक्के, मापाची चिठ्ठी, पावती जपून ठेवावी.

– सपाट जमिनीवर घोडा उभा करून आधी खोगिराविना आणि मग केवळ खोगीर ठेवून दोन्ही बाजूंनी, पुढून व मागून फोटो घ्यावेत. खोगिराखाली जाड कापड घालू नये. त्याने पोकळी झाकली जाते.

– चामड्यावर ओरखडे येतील असा वापर करू नये. स्थानिक कारागिराकडून परस्पर दुरुस्ती करून घेऊ नये. एकदा शिवण उसवली की दोष मूळचा की नंतरचा, हा वाद सुरू होतो.

– खोगीर नाकारत असल्याचे ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी कळवावे. फोनवर बोलणे झाले तरी त्याचा गोषवारा लगेच लिहून पाठवावा.

– स्वतंत्र खोगीर-तज्ज्ञाचे किंवा पशुवैद्यकाचे लेखी मत घ्यावे. एरवी सदोष माल प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. पण खोगिराचा दोष घोड्याच्या पाठीवरच दिसतो. त्यामुळे हे मत हाच प्रमुख पुरावा ठरू शकतो.

खोगीर नाकारल्याचे कळवल्यावर ते परत पोहोचवण्याची जबाबदारी, वेगळे काही ठरले नसेल तर, ग्राहकावर नसते. कलम ४३ तसे सांगते.

तक्रार कुठे आणि किती खर्चात करता येते?

पहिला टप्पा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा. १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. ही यंत्रणा विक्रेत्याशी संपर्क साधून तोडगा काढण्याचा प्रयत्न करते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. तोडगा न निघाल्यास १५ दिवसांची मुदत देणारी लेखी नोटीस पाठवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही, त्यामुळे बहुतेक खोगिरांची तक्रार नि:शुल्क ठरते. वकील देण्याची सक्ती नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ पोर्टलवर तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. महत्त्वाचे म्हणजे, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्याच आयोगाकडे दाद मागता येते. भारतातील खोगीर उद्योगाचे मोठे केंद्र कानपूर आहे आणि तिथल्या खोगिरांना भौगोलिक मानांकनही आहे. पण कानपूरहून खोगीर मागवणाऱ्या साताऱ्याच्या ग्राहकाला त्यासाठी उत्तर प्रदेशात खेटे घालावे लागत नाहीत.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. नोटीस मिळाल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, हे गृहीत धरावे. आयोग दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे किंवा व्याजासह रक्कम परत करणे असे आदेश देऊ शकतो. घोड्यावरील उपचारांची बिले जोडल्यास भरपाईही मागता येते.

विक्रेता परदेशात असेल तर?

इंग्लंडमधील वॉलसॉल हे शहर खोगिरांसाठी प्रसिद्ध आहे. तिथून किंवा युरोपातून खोगीर मागवणारे भारतीय स्वार आहेत. भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांना ई-कॉमर्स नियम लागू होतात; मात्र आदेशाची अंमलबजावणी परदेशात करून घेणे अवघड असते. अशा वेळी कार्डने पैसे भरले असल्यास बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. त्याची मुदत मर्यादित असते, म्हणून आधी बँकेला कळवावे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ग्राहकांना तिथल्या २०१५च्या कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागण्याचा हक्क दिला आहे आणि तो मापाने बनवलेल्या वस्तूंनाही लागू आहे.

तोवर तेच खोगीर वापरले तर?

खरी कोंडी इथे आहे. पैसे अडकलेले, हंगाम सुरू झालेला आणि दुसरे खोगीर घ्यायला हाती रक्कम नाही. मग जाड घोंगडी टाकून तेच खोगीर वापरले जाते. यात दुहेरी नुकसान आहे. एक तर माल स्वीकारल्याचा पुरावा विक्रेत्याच्या हाती पडतो. दुसरे, जखम झालेल्या जनावराला कामाला जुंपणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार मालकाचा गुन्हा ठरू शकतो. जखम भरेपर्यंत घोडा बसून राहतो आणि बुडालेली कमाई खोगिराच्या किमतीहून जास्त भरते.

त्यामुळे जुने खोगीर, ते ठीक बसत असेल तर, नवे तपासून होईपर्यंत विकू नये. ऑर्डर देतानाच तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : माप कोणी व कोणत्या तारखेला घेतले, खोगीर न बसल्यास किती दिवसांत व कोणाच्या खर्चाने दुरुस्ती होईल आणि दुरुस्तीनंतरही न बसल्यास किती रक्कम परत मिळेल. शक्य असल्यास पूर्ण रक्कम आगाऊ न देता काही भाग खोगीर घोड्यावर चढवून पाहिल्यानंतर द्यावा. हातात राखलेली ही रक्कम पुढच्या अनेक खेपा वाचवू शकते.