दुसरा बार कोण भरतो?

१८ ऑगस्ट २०२२ च्या सकाळी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यालगत एक बेवारस नौका वाहत आलेली दिसली. 'लेडी हान' हे तिचे नाव. नौकेवर एकही माणूस नव्हता. मात्र एके-४७ जातीच्या तीन रायफली आणि काडतुसे होती. श्रीवर्धन तालुक्याला अशा गोष्टीची धास्ती वाटावी हे साहजिकच आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत याच तालुक्यातील शेखाडीला स्फोटके व हत्यारे उतरली होती आणि १२ मार्चला मुंबईने त्याचे फळ भोगले होते. या वेळी मात्र त्याच दिवशी विधानसभेत खुलासा झाला. मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या नौकेचे इंजिन २६ जूनला बिघडले, खलाशांची सुटका झाली आणि खवळलेल्या समुद्रात सोडून द्यावी लागलेली नौका पावसाळी वारा व प्रवाह यांच्याबरोबर इकडे आली.

२६ जून ते १८ ऑगस्ट म्हणजे ५३ दिवस. मस्कत ते हरिहरेश्वर हे अंतर सरळ रेषेत सुमारे १६०० किलोमीटर. म्हणजे दिवसाला सरासरी ३० किलोमीटर. प्रवाहांचा हा हिशेब वर्गात अवश्य करून घ्यावा. आपला आजचा विषय वेगळा आहे. ही बातमी वाचून एखादा चौकस मुलगा हमखास विचारील, "सर, सात-आठ आठवडे खाऱ्या हवेत पडलेली बंदूक उडेल का हो?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी आपण उलट प्रश्न विचारला पाहिजे: पहिला बार की दुसरा? पहिला बार निघायला आघात करणारी टाचणी आणि कोरडे काडतूस एवढे पुरते. दुसरा बार कोण भरतो, यावर मात्र सारे अवलंबून आहे. ठासणीच्या बंदुकीत तो माणूस भरतो. दारू, गुडदी, छर्रे आणि गज घेऊन. दुनळीत माणूसच बंदूक मोडतो, रिकामी नळकांडी काढतो, नवी घालतो. अर्धस्वयंचलित बंदुकीत हे काम पहिला बारच करतो. चाप एकदा दाबला की एकच बार निघतो, पण रिकामे काडतूस बाहेर फेकणे, घोडा चढवणे आणि पुढचे काडतूस नळीत सारणे ही कामे बंदूक आपली आपण उरकते. चाप दाबून धरला असता बार निघतच राहिले, तर ती पूर्ण स्वयंचलित. ती कायद्याने सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे.

रायफलीच्या नळीत आटे असतात. कोकणातल्या माणसाच्या ओळखीची बंदूक मात्र गुळगुळीत नळीची, छर्ऱ्यांची, म्हणजे शॉटगन. पुढचे विवेचन तिच्याच आधाराने करू. गणित सोपे पडते आणि तत्त्व तेच आहे.

'बारा बोअर' म्हणजे काय, हे गणित आठवी-नववीच्या मुलांनाही जमेल. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. ४५३.६ भागिले १२ म्हणजे ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४, म्हणून गोळीचे आकारमान ३.३३ घन सेंटिमीटर आणि व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद का असते, हेही यातूनच कळते.

आता समजा ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटले. त्यांचा संवेग १२.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. गुडदी आणि वायूंचा संवेग तूर्त सोडून दिला, तरी ३.२ किलोची बंदूक सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे येऊ पाहणारच. छर्ऱ्यांची गतिज ऊर्जा २५६० ज्यूल, बंदुकीची अवघी २५.६ ज्यूल. न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर आपण मुलांना होडीतून उडी मारणाऱ्या माणसाचे उदाहरण वर्षानुवर्षे देत आलो. संवेग समान असूनही ऊर्जेची वाटणी किती विषम होते, हे या उदाहरणात अधिक ठसते. दुसरा बार भरायचा तो या शेकडा एक ऊर्जेतून, नाहीतर नळीतल्या वायूंमधून थोडीशी उसनवारी करून.

या उसनवारीच्या तीन रीती आहेत. सर्वांत जुनी रीत अमेरिकेतील कारागीर जॉन ब्राउनिंग याची. त्याच्या बंदुकीला १९०० साली पेटंट मिळाले. कारखान्याशी बोलणी करायला तो रेमिंग्टन कंपनीत गेला आणि बाहेर वाट पाहत बसला असतानाच कंपनीच्या अध्यक्षांच्या निधनाची बातमी आली. मग तो बेल्जियमला गेला आणि तिथल्या एफ्एन् कारखान्यात ही बंदूक तयार होऊ लागली. 'ऑटो-५' या नावाने ती जवळजवळ शतकभर बनत होती. तिच्यात धक्क्याने नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या स्थितीत मागे सरकतात. मग नळी आधी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर पडते, आणि मागाहून बोल्ट नवे काडतूस घेऊन येतो. धक्का जिरवायला स्प्रिंगबरोबर घर्षणाच्या कड्या बसवलेल्या असतात. जड काडतुसांसाठी कडी एका जागी बसवायची, हलक्यांसाठी दुसऱ्या जागी. हलके काडतूस आणि घर्षण जास्त, तर बंदूक अर्ध्यावर अडकते. जड काडतूस आणि घर्षण कमी, तर नळी मागे आदळून आदळून लाकडी दस्ता तडकतो. "बंदूक खराब निघाली" अशी तक्रार जिच्याबद्दल व्हायची, तिची कित्येकदा कडी तेवढी चुकीच्या जागी असायची.

दुसरी रीत वायूची. नळीला बारीक भोके असतात. त्यांतून आलेला वायू दट्ट्या ढकलतो. रेमिंग्टनची १९६३ सालची '११००' या जातीची, आणि एके-४७ ही रायफलही वायूवरच चालते. तिसरी रीत इटलीत १९६० नंतरच्या दशकात पुढे आली, ती जडत्वाची. तिच्यात बंदूक मागे येते, पण बोल्टचा सुटा भाग जडत्वामुळे क्षणभर जागीच राहतो. दोहोंमध्ये एक आखूड, कडक स्प्रिंग दाबली जाते आणि तीच पुढचे काम करते. बस अचानक सुटली की उभा माणूस मागे पडल्यासारखा वाटतो, तेच हे तत्त्व.

या तिसऱ्या रीतीत दुरुस्ती आणि फेरफार यांचे सारे मर्म दिसते. सुटा भाग ४०० ग्रॅमचा धरू. बंदूक ४ मीटर वेगाने मागे आली, तर स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा जास्तीत जास्त ३.२ ज्यूल. आता हौसेने कोणी बंदुकीला विजेरी, जादा काडतुसांचा पट्टा असे काही लावले आणि वजन एक दशांशाने वाढले. वेग १.१ ने भागला जाईल, ऊर्जा १.२१ ने. म्हणजे सतरा टक्के ऊर्जा गेली! ३२ ऐवजी २४ ग्रॅमचे हलके काडतूस घातले तर वेग तोच धरूनही संवेग पाऊणपट आणि ऊर्जा जेमतेम ५६ टक्के. दस्ता खांद्याला न लावता दगडाला टेकवला तर बंदूक मागे येतच नाही आणि दुसरा बार भरला जात नाही. बिघाड कशातच नसतो. ऊर्जेच्या जमाखर्चात तूट आलेली असते.

हरिहरेश्वरला या जमाखर्चात आणखी एक खर्च वाढतो, तो मिठाचा. देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, समुद्राच्या बाजूला, मधाच्या पोळ्यासारखी भोके पडलेले खडक आपण पाहिले असतील. लाटांचे तुषार खडकाच्या छिद्रांत शिरतात, पाणी वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगड कणाकणाने फुटतो. तेच तुषार वाऱ्याबरोबर गावातल्या घरांत आणि खुंटीवरच्या बंदुकीपर्यंत पोचतात. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतः विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर याहून पुष्कळ कोरड्या हवेतही पाझरते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसे पोलादाच्या पृष्ठभागावर खाऱ्या पाण्याचे अदृश्य थर राहतात. गंजाचे आकारमान ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्या दुपटीहून जास्त असते. दुनळीच्या बिजागरीला याने फारसे बिघडत नाही, माणूस जरा जोर लावतो. ३ ज्यूलवर चालणाऱ्या यंत्राला ते परवडत नाही. वायूच्या बंदुकीत भोकांभोवतीची काजळी आणि ओलसर मीठ मिळून लगदा होतो, तो वेगळाच.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गंज दिसला की तेल चोपडायचे, ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत. पण मीठ तेलात विरघळत नाही! मिठावर तेल फासले म्हणजे मीठ आत कोंडले गेले. जुन्या शिपायांना नळीत कढत पाणी ओतायला शिकवीत, त्याचे कारण हेच. त्या काळच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत उरे, आणि तेही मिठाचेच भावंड. ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूची राखही ओल धरते. आधी पाणी, मग पूर्ण कोरडे करणे, मग तेलाचा पातळ हात, हा क्रम मोडू नये. तेलही हाताशी आहे म्हणून खोबरेल वापरू नये. ते २४-२५ अंशांच्या खाली थिजते आणि थंडीच्या पहाटे सरकता भाग जागीच चिकटून बसतो.

वर्गात हा प्रयोग तीन खिळ्यांवर करता येईल. तिन्ही घासून स्वच्छ करा. पहिल्याला नुसते तेल लावा. दुसरा मिठाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, मग तेल लावा. तिसरा मिठाच्या पाण्यातून काढून वाळवा, मग गरम पाण्याने धुवा, कोरडा करा आणि तेल लावा. आठवडाभर दमट जागी ठेवून रोज नोंद घ्यावी.

काडतुसांवरही हवेचा परिणाम होतो. पूर्वीची कागदी काडतुसे ओल शोषून फुगत आणि नळीत बसत नसत. प्लास्टिकच्या नळकांड्यांनी ती अडचण गेली, पण पितळी बुड कळंकतेच. हाताने दाबून बसणारे काडतूस स्प्रिंगच्या जोराने बसेलच असे नाही. १८६९ पासून चालत आलेल्या पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे तयार होतात. ती कोठलीही असली तरी घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरडी ठेवणे हे मालकाचे काम.

अडकण्याच्या प्रकारावरून कारण ओळखता येते. रिकामे नळकांडे खिडकीत अर्धवट अडकले, तर ऊर्जा कमी पडली. नवे काडतूस पूर्ण आत गेले नाही, तर गंज, चिकट तेल किंवा फुगलेले काडतूस. 'टिक्' आवाज आला आणि बार निघाला नाही, तर टोपी ओली किंवा टाचणीचा आघात दुबळा. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. बार कधी कधी उशिरा उडतो. मात्र सर्वांत घातक तो 'फुस्स' आवाज, म्हणजे खरोखरचा फुसका बार. दारू नीट पेटली नाही की गुडदी नळीतच अडकते. ऊर्जा नसल्यामुळे यंत्रही थांबते. घाईत माणूस हाताने बोल्ट ओढतो, नवे काडतूस आत जाते आणि पुढच्या बाराला वाट बंद असल्याने नळी फुटते. बंदूक पूर्ण रिकामी करून नळी आरपार पाहिल्याखेरीज पुढचा बार काढायचा नसतो.

"रिकामी केली" म्हणजे काय, यातही फरक आहे. दुनळी मोडली की दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो, चारचौघांना कळते. अर्धस्वयंचलित बंदूक प्रत्येक बारानंतर स्वतःच भरलेली आणि घोडा चढवलेली असते. नळीतले काडतूस काढताना मॅगझिनमधले दुसरे तिच्या जागी येऊ शकते. म्हणून आधी मॅगझिन, मग नळी, आणि शेवटी डोळ्याने पाहून वर बोटाने चाचपणे. माझ्या मते ज्या घरात मुले आहेत तिथे दुनळीचा हा उघडेपणा कितीही वेगवान यंत्रापेक्षा मोलाचा आहे.

कायद्यानेही अशीच वाटणी केली आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या परवान्याविषयीच्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंची गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. पिस्तुले-रिव्हॉल्व्हर सोडून इतर अर्धस्वयंचलित शस्त्रे २०१६ च्या नियमांत सर्वांत कडक अशा पहिल्या वर्गात येतात; त्यांचा परवाना जिल्ह्याच्या कचेरीत मिळत नाही. परवान्याविना नळी आखूड करणे हा गुन्हा आहे, आणि भौतिकदृष्ट्याही तो शहाणपणा नव्हे: छर्ऱ्यांचा वेग घटतो, आवाज वाढतो, बंदूक हलकी होऊन धक्का वाढतो आणि वायूच्या बंदुकीत भोकांपुढची नळी तोकडी झाल्याने दट्ट्यावरचा दाब लवकर निघून जातो. दस्त्याची लांबी खांद्याच्या मापाची करून घेणे एवढाच फेरफार बहुतेकांना लागतो, आणि तोही परवानाधारक कारागिराकडून करून घ्यावा. बागायतीत रानडुकरे शिरली म्हणून बंदुकीचा परवाना दाखवून भागत नाही, हेही मुलांना सांगावे. बंदूक बाळगण्याची परवानगी शस्त्र अधिनियमाखाली, आणि जनावर मारण्याची १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली, वेगळी.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. एके-४७ च्या हलत्या भागांत मुद्दाम ऐसपैस जागा सोडलेली असते, नळीच्या आतून क्रोमचा मुलामा असतो आणि वायूचा दट्ट्या गरजेपेक्षा जास्त जोराने ढकलला जातो. ऊर्जेच्या जमाखर्चात तिच्याकडे शिल्लक मोठी. म्हणून ५३ दिवसांनीही अशी रायफल चालणे अशक्य नाही. बारीक मापाने घट्ट बसवलेल्या शिकारी शॉटगनबद्दल इतक्या भरवशाने सांगता येणार नाही. आणि ठासणीची बंदूक? तिची दारू ओली होण्याचा धोका मोठा.