एकच नंबर, दोन इंजिने

अमेरिकेतील ‘लायोनेल’ कंपनीची विजेची खेळण्यातली आगगाडी म्हणजे आपल्याकडे जत्रेत मिळणारी चावीची पत्र्याची गाडी नव्हे. तीन रुळांवर धावणारी ही गाडी, आणि तिची पुष्कळशी इंजिने ओतीव धातूची, हातात घेतली तर चांगलीच जड लागणारी. जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यू जर्सीतल्या तिच्या कारखान्यातून इतका माल बाहेर पडला की, नुसते ‘जुने’ म्हणून आज कोणी मोठी रक्कम मोजत नाही. मोल असते ते वेगळेपणाला. हे वेगळेपण ओळखणे आम्हा कारकुनांना जवळचे वाटावे असे काम आहे. एकाच नंबरच्या दोन पावत्या समोर आल्या की आम्ही शिक्का, शाई व तारीख ताडून पाहतो. संग्राहकही तेच करतो.

वाचकहो, असे वेगळे नमुने पुष्कळदा कारखान्याच्या अडचणीतून जन्मतात. १९५० पासून लायोनेलने इंजिनाची चाके रुळाला धरून राहावीत म्हणून चुंबक वापरण्यास सुरुवात केली. हे चुंबक ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे. त्यात कोरियाचे युद्ध पेटले आणि हा माल मिळेनासा झाला. तेव्हा १९५२ साली चुंबकवाली ६८१ व ७३६ ही इंजिने बाजूला ठेवून आधीचे ६७१ व ७२६ हे नंबर पुन्हा काढण्यात आले, चुंबकाशिवाय. नंबराबरोबर ‘आर आर’ ही इंग्रजी अक्षरे आली. अर्थात, अक्षरे मागाहूनही उमटवता येतात! म्हणून जाणकार अक्षरांवर थांबत नाही. इंजिन उलटे करून चाके व सांगाडा त्याच वर्षाचा आहे ना, हे पाहतो.

धुराचेही तसेच. १९४६ साली धूर सोडणारी इंजिने प्रथम आली. चिमणीत गोळी टाकायची, ती आतल्या खास दिव्याच्या उष्णतेने धूर देई. दुसऱ्याच वर्षी दिवा जाऊन तारेचे वेटोळे आले. जुन्या इंजिनांतले दिवेही अनेकांनी बदलून घेतले. त्यामुळे मूळ दिवा शाबूत असलेले इंजिन वेगळे ठरते. हौसेने ‘दुरुस्ती’ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सर्वांत गाजलेला नमुना मात्र १९५७ चा. मुलींसाठी म्हणून लायोनेलने गुलाबी इंजिन आणि त्यामागे फिकट निळे, पिवळे, जांभळट डबे अशी गाडी काढली. इंजिनावर नंबर २०३७, म्हणजे नेहमीच्या काळ्या इंजिनाचाच. गाडी खपली नाही. आमचे मत विचाराल तर, इंजिन काळे असते हे मुलींनाही ठाऊक असते. खऱ्यासारखी गाडी भावाला आणि रंगवलेली बहिणीला, हा न्याय त्यांना कसा पटावा?

जे तेव्हा खपले नाही, त्यासाठी आज संग्राहक भरपूर पैसे मोजतात. साहजिकच फसवणूकही आली. साधे काळे २०३७ घेऊन त्यावर गुलाबी रंग चढवला की झाले! पण अशा इंजिनात स्क्रूच्या खाचेत रंग साचलेला असतो, बारीक उठाव बुजलेले असतात, आणि कड खरवडली गेली असेल तर खालून काळे डोकावते. जांभळ्या अतिनील दिव्याखालीही नवा रंग पुष्कळदा जुन्यापेक्षा निराळा दिसतो. शिवाय १९९१ साली ही गाडी कंपनीच्या नावाने पुन्हा निघाली. ती खोटी नव्हे, पण १९५७ ची म्हणून विकणे ही लबाडीच.

याची उलट बाजूही आहे. पडून राहिलेली गुलाबी इंजिने काही दुकानदारांनी काळी रंगवून विकली, असे संग्राहकांत सांगतात. म्हणून जुने काळे २०३७ हाती आले की काहीजण आधी त्याच्या झिजलेल्या कडांवर भिंग धरतात, खाली गुलाबी दिसते का ते पाहायला.